एक पांढरा पुरे

केयोन बंदर, दिव्यांचं दुकान.
"होडी केवढी?"
पाच मीटर. इंजिन म्हातारं, खोकतं.
"मग एक पांढरा पुरे, बाई. नियमात बसतो."

नियमात एलाद्योही बसायचा.
त्या पांढऱ्यावरून कळायचंच नाही
येतोय की चाललाय;
मी धक्क्यावर,
चुलीवर पाणी ठेवू की नको.

तांबडा-हिरवा जोड घेतला. महाग पडला.
डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा,
आणि सुकाणूपाशी बसलेल्या मला
दोन्हींतला एकही दिसत नाही.

नेल्दा, तुला दिसतील.
नुसता हिरवा: शिंपल्यांच्या दोरांकडे वळलेय.
नुसता तांबडा: अजून वेळ आहे, जरा पड.
दोन्ही एकदम दिसले
की होडीची नाळ तुझ्याकडे आहे.

पाणी ठेव.