मेंढ्यांची साक्ष

अंबाझरीच्या बारुदखान्यात
ह्यांनी तेहेतीस वर्षं आम्ल मोजलं.
थेंब जास्त पडला तर काय होतं
ते घरी कधी सांगितलं नाही.
डाव्या करंगळीला नख नाही, एवढंच.

आता द्राक्षातलं आम्ल मोजतात.
तीच पिपेट, तोच रोखलेला श्वास.

कळमेश्वरच्या पुढे दीड एकर,
वर मुरूम, खाली आणखी मुरूम,
चहूकडे लोकांची संत्री.
प्रभाकर नंदनवार बांधावरून ओरडला,
"वयनी, भाऊले समजवा ना!
काऊन पैसा मातीत घालून राहिले?"
मी म्हटलं, मातीतच घालतात ना, बाप्पा.

इटलीहून अकरा काड्या आल्या होत्या
ओल्या गोणपाटात, अंगभर शिक्के घेऊन.
डॉगरिजच्या खुंटावर ह्यांनी एकेक डोळा बांधला,
माझ्या जुन्या पातळाच्या चिंध्यांनी.
सातव्या वर्षी वेली चारशे झाल्या.
काही अजून त्या जांभळ्या काठाच्या आहेत.

जातीचं नाव पेकोरिनो.
म्हणजे हो काय?
"मेंढीचं," म्हणाले. "तिकडे डोंगरातून
कळप उतरायचे, आणि वाटेत
हीच द्राक्षं आधी पिकलेली असायची."
आपल्याकडे द्राक्षाला माणिक म्हणतात, चमन म्हणतात.
मेंढीचं कुणी म्हणत नाही.

फेब्रुवारीत नागपूरची रात्र
अजून माणसात असते.
नंतर तीही तापते,
आणि मण्यातलं आम्ल निघून जातं
निरोप न घेता.
हे रोज पहाटे मणी चिरडून मीटर डोळ्याला लावायचे:
साडेवीस. अजून साडेवीस.
"दोन दिवस थांबू."
गारपिटीचे ढग काटोलकडे उभे, आणि हे
दोन दिवस थांबू.

त्याच रात्री वेजाभाई रबारीचा कळप
कुंपणाच्या फटीतून आत आला.
सकाळी बघतो तर तिसरी ओळ
गुडघ्यापर्यंत साफ.
वेजाभाई पागोटं काढून उभा,
म्हणाला, दोन रात्री मेंढ्या बसवतो तुमच्या रानात, फुकट.
हे काहीच बोलले नाहीत.
वाकून तिसरी ओळ बघत राहिले,
मग पहिली, जिला तोंडही लागलं नव्हतं.
मीटर खिशात टाकलं.
"उईकेंच्या सयत्राला सांग, आज रात्रीच तोडायचं.
तिसरीपासून."

कपाळावर बॅटऱ्या बांधून
गोंडखैरीच्या नऊ बाया तोडत होत्या.
कुणी गात नव्हतं. नुसती कात्र्यांची टिकटिक,
आणि लांबून मेंढ्यांचं खाकरणं.

टाकी आमच्या झोपायच्या खोलीत.
रस एसीत, सोळा अंशावर,
लग्नाची बायको बैठकीत, कूलरसमोर.
तीन आठवडे आतून बुडबुड यायची,
झोपेत कुणी बोलावं तशी.
जाऊबाईंनी विचारलं, आत कोण आहे गं?
म्हटलं, बाळंतीण. दार लावा, वारा लागेल.

पोळ्याला पहिली बाटली फोडली,
पाटोडीच्या रश्श्यासोबत, स्टीलच्या गिलासांत.
ह्यांनी आधी आकडा लिहिला वहीत.
मला विचारलं, कशी?
संत्र नखानं सोलताना
डोळ्यात उडतं ना, तशी.
"हे वहीत कसं लिहू?" म्हणाले,
पण लिहिलं.
प्रभाकर म्हणाला, "मंग! माझ्याच बागेचा वास लागला तिले,"
आणि तिसऱ्यांदा गिलास पुढे केला.

वेजाभाई पीत नाही.
त्याच्यासाठी ठेवलेलं बूच
त्यानं हुंगलं, हसला, खिशात घातलं.

यंदा फेब्रुवारी लागला.
मीटर अजून कपाटातच आहे.
हे अंगणात उभे राहून फोन लावतात:
"वेजाभाई, कळप कुठवर आला?"
पलीकडून घंटा वाजतात, वारा घोंघावतो,
कुत्रं भुंकतं.
हे कानाला फोन दाबून
तेवढंच ऐकत राहतात.