खारपाणातली नोंद

जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर.
वर्षातून चारदा टेपला निळा खडू फासून
मी सांगवीच्या विहिरीत सोडतो.
खडू भिजला तिथवर पाणी.
अकरा मीटर चाळीस.

पाणी नितळ. तळाशी कोणाची बुडालेली कळशी दिसते.
जिभेवर ठेवलं की तोंड आवळतं.
पूर्णेच्या दोन्ही अंगांना हे असंच.
कोणी म्हणतं, इथवर समुद्राचा फाटा आला होता,
कोणी म्हणतं, नुसतं कोंडलेलं तळं, आटत गेलेलं.
मला एवढंच कळतं, पाण्याला
सहसा कोणाला नाही म्हणता येत नाही.
त्याचा कण मुळात सरळ नाही,
कमरेवरची घागर धरलेल्या कोपरासारखा वाकलेला.
त्या एवढ्याशा बाकात
मीठ सुटतं, चुना सुटतो, दगडाचा हट्ट सुटतो.

मे महिन्यात काळी माती फाटते,
भेगेत माझा हात कोपरापर्यंत जातो.
तेव्हाही ते चढत असतं
मातीतल्या केसाएवढ्या वाटांनी, उतार न जुमानता.
वर येतं, उडून जातं,
आणलेलं ओझं बांधावर पांढरं टाकून.

"किती भरलं, सायेब?"
पंचफुलाबाई खंडारे. विहिरीला लागूनच घर.
"अकरा चाळीस."
"ते नाई. खारं किती?"
मी मीटरचा आकडा दाखवतो. त्या हसतात.
"मले त वरनच सांगते."

अकोटाकडून, डोंगराच्या पायथ्यातून लग्न होऊन आल्या.
पहिल्याच दिवशी तुरीची डाळ चुलीवर,
पऱ्हाटीचे दोन भारे जळाले,
दाणा जसाच्या तसा. ओसरीत पाहुणे ताटकळलेले.
आतला चुना दाण्याला धरून बसतो, हे मला ठाऊक.
सासूला ठाऊक नव्हतं,
पण तिनं चिमूटभर सोडा टाकला न् म्हणाली,
"तुह्या हातात खोट नाई, बाई.
हे पानीच कोनाचं आयकत नाई."

आता नळ आहे. आठ-दहा दिवसांनी
डोंगरातल्या धरणाचं गोडं पाणी येतं.
रांजणातून त्या माझा पेला भरतात,
काठाच्याही वर,
भिंगासारखा फुगवटा धरून थांबलेलं.
तापलेलं अंगण अनवाणी ओलांडतात.
थेंब सांडत नाही.

पेला ओट्यावर ठेवतात.
मी हात लावत नाही,
आधी वाकून
ओठांनीच काठावरचं पाणी घेतो.