अकरा नंबर

छावणीच्या धान्यबाजारामागं, सोयाबीनच्या गोदामात
मी चौदा सेन्सर पोत्यांत खोचलेत.
एकातही सेल नाही.
छतावरचा अँटेना जे बोलतो, त्यावरच ते जगतात.
तीच लहर शब्द, तीच लहर घास;
ऐकायला जेवढी घेतली, तेवढं जेवण कमी.

वाटणी माझ्याकडे.
गणित सरळ सांगतं: जवळच्यांना दे,
आकडे भरभरून येतील, आलेख चढेल.
अकरा नंबर कोपऱ्यात, लोखंडी खांबाआड.
त्याला वाढलेलं बहुतेक वाटेतच सांडतं.

"काढून टाका ना मॅडम," मुळ्ये म्हणाला,
"तेरा काय कमी आहेत?"
हम्माल रतनलाल डबा उघडता उघडता बोलला,
"कोनेवाली बोरी ही पहले सड़ती है, दीदी."

रात्री समीकरण फिरवलं.
एकूण किती, हे विचारणं सोडलं;
सगळ्यांत कमी ज्याच्या वाट्याला, त्याचाच वाटा वाढवत गेले.
आलेख खाली बसला.
इंदूरच्याच दुसऱ्या टोकाहून सरांचा फोन आला, उचलला नाही.

चाळीस मिनिटं अकरा नंबर नुसता जेवत होता.
ऐकणं नाही, बोलणं नाही,
कपॅसिटरमध्ये थेंब थेंब साठवत.
मीही पोह्यांचा पुडा हातात धरून;
वरची शेव मऊ पडली.

पहाटे चारला एकच ओळ आली:

ओल सतरा टक्

पुढच्या अक्षरापुरतं त्याच्यापाशी उरलं नसावं.
मी बॅटरी घेतली
आणि ओट्यावर झोपलेल्या रतनलालला हलवलं.