भागत नाही म्हणून

सात घरं झाली तेव्हा बँकेतला तो गुळगुळीत दाढीचा मुलगा म्हणाला,
आता पुरे, बर्नडीन.
पुरे म्हणजे किती, हे त्याच्या कॉम्प्युटरला माहीत होतं.
मला एवढंच माहीत होतं
की रेल्वेपुलाच्या पलीकडे विटांची पाच घरं
एकाच मेलेल्या माणसाच्या नावावर आहेत
आणि त्याची मुलं फ्लोरिडात
किल्ल्या हातावेगळ्या करायला टेकलीत.

पाच एकदम. सुटी द्यायची नाहीत.
आईच्या विम्याचे मांडले,
ट्रक विकून येतील ते मांडले,
तरी भागेना.
भागत नाही म्हणून तर माणूस भागीदार शोधतो.

टोलेडोत, जानेवारीत भागीदार शोधणं म्हणजे
गोठलेल्या नदीला भोक पाडून स्टुलावर बसणं.
गळ टाकायचा,
आणि आपण मजेत बसलोय असा चेहरा करायचा.

दंतवैद्य सालूमकडे मी खरं तर दाढेसाठी गेले होते.
तोंडात कापूस, अर्धा जबडा बधिर,
आणि हा वरून विचारतो, वर्षाला किती टक्के?
मी बोटं दाखवली. नऊ.
त्यानं ड्रिल बंद केलं.
इतकी शांतता मी दुसऱ्या कुठल्याच मीटिंगमध्ये ऐकली नाही.
बारा, तो म्हणाला.
मला दहा म्हणायचं होतं.
'आ' एवढंच निघालं.
तो होकार त्यानं नर्सला लिहून घ्यायला सांगितला.

मग स्क्रीनवरचा कॅलिफोर्नियावाला,
पाठीमागे पुस्तकांचं खोटं कपाट.
त्याला घरं बघायची नव्हती. तो 'दारं' म्हणायचा.
किती दारं आहेत तुमच्याकडे?
तिसऱ्या दारात कोण?
यूनिस, मी म्हणाले. अकरा वर्षं झाली.
भाडं पाकिटात आणून देते,
पाकिटावर पेन्सिलनं महिना लिहिलेला.
पुढच्या महिन्यात खोडून तेच पाकीट.
फार कमी घेता, तो म्हणाला. तिला काढा, मग बोलू.

इथे मी ताडकन 'नाही' म्हटलं,
असं सांगायला मला आवडलं असतं.
मी म्हटलं, कळवते.
आणि रात्री दोनपर्यंत जागून
यूनिसशिवायचा हिशेब मांडून पाहिला.
फार सुंदर जमत होता.

सकाळी डेल्मर आला. प्लंबर.
सहा महिन्यांची उधारी.
माझ्या सातही घरांच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून आलेला माणूस.
म्हणाला, बर्नी, बिल राहू दे.
बायकोचे काचकारखान्यातले थोडे आहेत.
माझं नाव लाव.
टक्के विचारले नाहीत, दारं विचारली नाहीत.
फक्त म्हणाला,
त्या पाचातल्या चौथ्या घराच्या तळघरात पाणी येतं, ठाऊक आहे?
ठाऊक आहे, मी म्हणाले.
हं. सांगतेस का ते बघत होतो.

शुक्रवारी सह्या झाल्या,
सालूमच्या दवाखान्यात, माशांच्या टाकीशेजारी.
सात आणि पाच, बारा घरांची एक कंपनी.
कॅलिफोर्नियाला मी कळवलंच नाही.
शाळेत माझे भागाकार बरोबर यायचे,
बाकी मात्र दरवेळी चुकायची.

मार्चमध्ये एका रात्री यूनिसचा हीटर बंद पडला.
डेल्मर गेला. तो नेहमीच जायचा,
अशा रात्रीचे पैसे त्यानं तिच्याकडे कधी मागितले नाहीत,
माझ्याकडेही नाही.
खाली येऊन आपल्या ट्रकमध्ये माझ्या शेजारी बसला,
फडक्यानं एकेक बोट पुसत.
म्हणाला, ही किती देते गं आपल्याला?

आपल्याला.

मी आकडा सांगितला.
तो काही बोलला नाही. समोरच्या काचेकडे बघत
ओठांतल्या ओठांत कसलीतरी बेरीज करत राहिला.
ती मी ओळखली. रात्री दोनची होती.

वर यूनिसच्या खिडकीला वाफ धरू लागली होती.