ना हरकत

कोर्टासमोर, मुजावरचाचांच्या टेबलावर
माझ्या पदवीच्या सत्यप्रती निघतायत.
चाचा शिक्का आधी आपल्याच तळहातावर मारून बघतात,
शाई पुरेल का म्हणून.
"किती प्रती?"
नऊ.
"नऊ! कुठं लावतीस एवढ्या?"
लंडनला, चाचा. वकील व्हायला चाललेय.
त्यांनी माझ्या काळ्या कोटाकडं बघितलं,
गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्यांकडं बघितलं.
"मग आत्ता काय हाईस?"

हाच प्रश्न तिकडच्या फॉर्मातही आहे,
जरा सभ्य शब्दांत.
या देशातील कामाचा अनुभव, वर्षे किती?
मी लिहिलं, निरंक.
हात मराठीतच गेला आधी. मग खोडलं, शून्य काढलं.
साडेसहा वर्षं इंगवलेसाहेबांच्या मागून जिने चढले,
मनाईचे अर्ज, म्हणणी, शपथपत्रं,
दुपारी दोनला कळायचं, साहेब रजेवर,
आणि एकदा उलटतपासात साक्षीदार
चुकून खरं बोलून गेला, तेव्हा माझा कोट मागून ओढत
इंगवलेसाहेब पुटपुटले, बस खाली, आता एक शब्द नको.
ते खाली बसणंही
त्या शून्यात गेलं.

परीक्षा पुण्यात, काचेच्या इमारतीत.
घड्याळ बाहेर, रुमाल बाहेर, बाह्या वर करून दाखवायच्या.
एका दिवसात एकशे ऐंशी प्रश्न.
त्यातला एक: श्रीयुत व्हिटलॉक वीस वर्षं
शेजाऱ्याच्या कुरणातून चालत जातात,
शेजारी फाटक लावतो.
पाचांपैकी सर्वांत योग्य उत्तर निवडा.

वीस वर्षं. आपल्याकडंही वीसच.
कायदा त्यांचाच,
जाताना इथं विसरलेल्या छत्रीसारखा.
आपण तिच्या काड्या बदलल्या, कापड बदललं,
आणि आता तीच घेऊन मी त्यांच्या दारात उभी,
तर आतून विचारतात, ही कुठली?

तिथं त्या खुर्चीत मला हौसाबाई चौगुले दिसल्या, शियेच्या.
आठ फुटी वाट, दिरानं बाभळी टाकून बंद केलेली.
त्या रोज बाभळीवरनंच जातात,
लुगड्याचा काठ फाटतो,
आणि तो फाटका तुकडा पुरावा म्हणून
दर तारखेला पिशवीतनं आणतात.
पाचांपैकी एकाही उत्तरात
लुगडं नव्हतं.
मी 'ड' निवडलं.

वडील गुळाच्या अडतीत हिशेब लिहितात.
त्यांनी हप्ता विचारला, मुदत विचारली,
पौंडाचा भाव विचारला,
आणि पाकिटामागं भागाकार करत बसले
जेवण निवेपर्यंत.

इंगवलेसाहेब म्हणाले,
"निम्मं आयुष्य आम्ही मुंबईचं हायकोर्ट इकडं आणा म्हणून रस्त्यावर बसलो.
आता ते आलं,
तर तू निघालीस."
आणि मग चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्यासाठी
स्वतःच फोन लावला बार कौन्सिलला,
तीनदा.

आज शेवटचं काम, हौसाबाईंचं वकीलपत्र.
प्रज्योत मगदूम नवा वकील, पेनचं टोपण चावणारा.
बाकावर बसून हौसाबाई विचारतात,
"तिकडं बी वाटा अडवत्यात व्हय?"
अडवतात.
"बाभळी टाकून?"
फाटक लावून.
त्या गप्प झाल्या जरा.
"फाटक बरं की मग. उघडायची तरी सोय."

मी वकीलपत्राच्या कोपऱ्यात लिहिलं, ना हरकत.
खाली सही, सहीखाली सवयीनं
सनद क्रमांक, जी सनद मीच अर्ज करून
महिनाअखेर स्थगित करणार आहे.
पुढची तारीख अठरा. ती मी माझ्या डायरीतही लिहिली, का कोण जाणे.
प्रज्योतनं कागदासाठी हात पुढं केला,
पण हौसाबाईंनी तो आधीच उचलला होता.
शाईवर फुंकर मारली,
नीट घडी घातली,
आणि त्या फाटक्या काठाशेजारी पिशवीत ठेवत म्हणाल्या,
"असू दे माझ्याकडं. न्हेऊन दिती मी आत."