धोक्याची पातळी

बँडचं नाव कौशल्या ऐवळेनं पुलावरून उचललं.
आयर्विनच्या खांबावर रंगवलेले फूट,
पंचेचाळीसपाशी लाल पट्टा.
भरतेश म्हणाला, एवढं लांब नाव पोस्टरवर मावणार नाही.
पोस्टर कधी छापलंच नाही,
त्यामुळं मावलं.

ड्रम तिचे: पुरानंतर चिखल उपसताना निघालेला
कुठल्याशा शाळेच्या पथकाचा ढोल,
शेजारी गोडेतेलाचे दोन डबे.
गिटार मिरजेची. जुनेद सतारमेकरनं
घरच्याच तुणाच्या लाकडातून चोरून घडवलेली.
चुलत्यानं कान लावला, म्हणाला,
हिची जवारी बिघडलीय.
बिघडवलीय, चाचा.
मी बेसवर. चारांतल्या तीनच तारा
मला ओळखायच्या.

सराव माधवनगरला, बंद सूतगिरणीच्या
साहेबलोकांच्या पोहायच्या तलावात.
निळ्या फरशा, तळाशी लिंबाचा पाला,
भिंतीवर अजून पाटी: खोल बाजू.
पुण्याहून आणलेला एक स्केटबोर्ड,
दोन कुपवाडच्या भंगारातल्या बेअरिंगवर
फळ्या ठोकून केलेले.
गाव गळ्यापर्यंत बुडतं
आणि तलावात थेंब नाही,
हे आमचं पहिलं गाणं.
एक मिनिट चाळीस सेकंद.
भरतेश उतारावरून सुटायचा, समोरच्या काठावर चढता चढता ओरडायचा.
पडला की कडवं संपलं.

दुसरं, ‘पंचनामा’.
तलाठी काय काय लिहीत नाही, ते एका दमात.
तिसऱ्यात नुसते सर्व्हे नंबर,
ओत बुजवून उठलेल्या बंगल्यांचे, मालकांच्या नावांसकट.
चाल चांगली होती. नावं खरी होती.
गणपतीच्या स्टेजवर सहाव्या नावाला
वीज गेली.
समोरच्या गल्लीत मात्र दिवे होते.

हरिपुरात फुटक्या पेवात माईक सोडून
आवाज घुमवला.
खाली अजून हळदीचा वास.
‘पेव फुटलं लगा,’ जुनेद वर बघून म्हणाला,
तेच अल्बमचं नाव.
पेन ड्राइव्हवर भरून दीडशे विकले.
काहींनी गाणी पुसून
लग्नाचे फोटो भरले.

मग महापालिकेची निवडणूक,
आणि विश्रामबागेच्या चौकात रिक्षाच्या भोंग्यावर
आमचीच चाल.
‘उतरा खाली’ होतं, तिथं ‘निवडून द्या’.
कौशल्यानं बोर्ड टाकला,
रिक्षाचा मागचा दांडा धरला आणि मार्केट यार्डापर्यंत
तशीच गेली, वायर हातात येईस्तोवर.
लोक म्हणाले, प्रचाराची नवीन पद्धत दिसते.
पोलिसांनी विचारलं, पक्ष कुठला?
तिनं सांगितलं, धोक्याची पातळी.
त्यांनी लिहून घेतलं.

चाल कुणी दिली, हे आम्ही विचारलं नाही.
भरतेशच्या पायात नवे बूट होते.
त्यानं बूट काढले आणि तलावात
अनवाणी पायांनी शेवटचं एकदा गाऊन दाखवलं.
कुणी वाजवलं नाही.

कौशल्या जतला पीटी शिकवते.
जुनेद सतारीच करतो. ऐकलंय, जर्मनीला गेलेल्या एकीच्या
भोपळ्यात, तबली बसवण्याआधी,
त्यानं पेन्सिलीनं ‘पंचनामा’ अख्खा लिहून ठेवलाय.
वाजवणाऱ्याला अधूनमधून खरखर येत असेल.
भरतेशचा फ्लॅट ओतावर आहे,
तिसऱ्या गाण्यातल्या चौथ्या नंबरात.

मी पुलावर असतो. रोजंदारी, पावसाळ्यापुरती.
दर तासाला बॅटरी मारायची, आकडा वाचायचा,
वहीत लिहायचा, ऑफिसला कळवायचा.
काल रात्री तीनला चव्वेचाळीस फूट दहा इंच.
फोन वाजला. चार वर्षांनी.
‘किती?’ एवढंच.
सांगितलं.
तो काही बोलला नाही, ठेवलाही नाही.
खाली पाणी खांबाला घासत होतं,
लाकडं, एक खुर्ची, कुणाचं तरी दार.
मी बोटानं कठड्यावर ठेका धरला,
तीनच तारांचा.
फोनच्या पडद्यावर सेकंद पळत होते.
शंभराला तो म्हणाला, ‘सामान वर घेतो,’
आणि मी बॅटरी परत खांबावर मारली.