मोह झाडावर नसते

फाल्गुन सरता सरता तालुक्याच्या बैठकीत ठरलं:
या महिन्याचा विषय, वसंत.
कृती, कागदाची फुलं. वेळ, चाळीस मिनिटं.
कागदाचं कुणी काही बोललं नाही.

तीन दिवस मी टोल्यावर कागद मागत फिरले.
भोजराजच्या दुकानातून चहापत्तीचे लाल खोके मिळाले,
बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर,
ज्यातल्या धानासारखं हिरवं धान
आमच्या बांधीत अजून कुणी पाहिलं नाही,
आणि लग्नाच्या पत्रिका, गठ्ठाभर,
ज्यांतली जोडपी आता
लेकरं कडेवर घेऊन लसीकरणाला येतात.

वच्छलाबाईनं तांदळाच्या पिठाची खळ शिजवली.
जरा जास्तच शिजवा, म्हटलं,
अर्धी तर पोटात जाणार.
गेलीच.

कात्री एक, तिचंही टोक बोथट.
म्हणून फाडायचं ठरलं.
फाडणं कुणालाच शिकवावं लागलं नाही.

पळसाचं फूल सोपं आहे:
एक पाकळी वाकवायची पोपटाच्या चोचीसारखी,
बाकीच्या मागे ठेवून द्यायच्या.
यामिनीच्या पाकळीवर सोनेरी 'चि. सौ. कां.' राहून गेलं,
दीपेशच्या पाकळीवर 'आहेर आणू नये'.
भिंतीवर खाकी कागदाचा बुंधा, फांद्या पार छतापर्यंत,
पण झाड फुललं ते गुडघ्यापासून माझ्या कमरेपर्यंत,
जितका हात पुरला तितकंच.
वर सगळा शिशिर.

रैनू हलामी कोपऱ्यात पेंगत होता.
या दिवसांत तो पहाटे चारला आईच्या मागे जंगलात जातो,
अंगणवाडीत येतो तेव्हा
केसांना गोड, आंबूस वास असतो.
त्याने लाल कागद घेतलाच नाही.
पत्रिकांची मागची पांढरी बाजू फाडून
बोटांत चुरत बसला,
बोराएवढ्या गोळ्या, वीस, तीस, पन्नास.

चिपकव ना रे, म्हटलं, झाडाला.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी शहरातून आजच उतरले.
"बाई, मोह झाडाले नाई राहत.
मोह खालतं राहते."

मग उठला.
आधी दोन्ही हातांनी बुंध्याखालची फरशी झाडली,
कागदाचे तुकडे, खळीचे थेंब, एक मुंगळा.
"पाला झाडा लागते आधी. मंग दिसते."
आणि उभ्याने, हात जमेल तितका उंच करून,
एकेक गोळी सोडत गेला.
टप.
थांबून, टप.
मध्येच दोन एकदम.

कुणी सांगितलं नाही, पण सगळी खाली बसली.
यामिनीने फ्रॉकचा ओटा केला.
तीन वर्षांच्या ईशूने एक गोळी तोंडात घालून पाहिली,
थुंकली, पुन्हा वेचली.
बोलणं बंद. नुसती बोटं.
पहाटेच्या रानात मोठी माणसं असतात
तितकी गप्प झालेली माझी बावीस लेकरं.

आणि दीपेश, आहेर आणू नये वाला,
दाराआडून चार पायांवर आला, घुरघुरत.
"आस्वल! आस्वल आलं वो!"
ओटे सुटले, मोह सांडला,
पाण्याचा माठ थोडक्यात वाचला,
रैनू तेवढा पळाला नाही.
हळूच मागे सरकला, अस्वलाकडे पाठ न करता,
एक बोट ओठांवर.
हे त्याला शिकवलेलं होतं.
माझ्या हातातली खळीची वाटी
तेवढा वेळ हातातच राहिली.

चाळीस मिनिटं केव्हाच उलटली होती.
ॲपवर फोटो टाकायचा असतो, टाकला.
झाड नीट आलं आहे.
खाली काहीतरी हललेलं आहे.

दुपारी लेकरं गेली.
वच्छलाबाई झाडू घेऊन आली,
दोन फटके मारले आणि थांबली.
झाडू भिंतीला टेकवला, पदर पसरला,
खाली बसून एकेक गोळी उचलत गेली,
सवयीनं, देठ खुडल्यासारखं करत.
मग दारात उभी राहून विचारलं,
"बाई, हे वाऊ घालू का?"

ऊन होतं अजून.
मी सूप काढून दिलं.